बालवाडीचा पट : देशोदेशींची नोंद आणि आपला हिशेब





शेतकी खात्याच्या या पानावर एरवी लागण, खोडवा, हुमणी, खतांच्या मात्रा असे विषय असतात. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. हंगामापूर्वीच्या गट सभेत उसाचे बोलणे आटोपल्यावर एका वयस्कर सभासदांनी विचारले, "साहेब, नातू तीन वर्षांचा झाला. सून म्हणती तालुक्याच्या नर्सरीत घालायचा, आमची मंडळी म्हणती एवढ्याशा पोराला कशाला घराबाहेर काढायचं. बाहेरच्या देशांत काय करत्यात?" प्रश्न साधा वाटतो, पण उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा नाही. त्यासाठी निरनिराळ्या देशांचे आकडे पाहावे लागतात, आणि आकडे पाहण्यापूर्वी ते कसे धरले आहेत हे पाहावे लागते. तेच इथे क्रमाने मांडतो.

नोंद म्हणजे गाळप नव्हे

नोंदीची आपल्याला सवय आहे. लागण झाली की आपण गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र लिहून देतो. त्यावर कारखाना हंगामाचा अंदाज बांधतो. पण नोंदलेला सगळा ऊस गव्हाणीत पडतोच असे नाही. काही बेण्याला जातो, काही गुऱ्हाळाला, काही पाण्यावाचून वाळतो, आणि काही कुठे जातो ते आपण सगळेच जाणतो. उलट एखाद्या साली बाहेरचा गेटकेन इतका येतो की गाळप नोंदीच्याही वर जाते.

मुलांच्या पटाचेही असेच आहे. पटाचे प्रमाण म्हणजे एका वयाच्या शंभर मुलांमागे किती मुले बालवाडीत दाखल आहेत तो आकडा. तो वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, वय कोणते धरले? फिनलंडमध्ये आणि एस्टोनियात पहिलीचे वर्ष सातव्या वर्षी सुरू होते, बऱ्याच देशांत सहाव्या, तर इंग्लंडमध्ये पाचव्या. म्हणजे फिनलंडचे सहा वर्षांचे मूल बालवर्गात मोजले जाईल आणि इंग्लंडचे तेवढेच मूल प्राथमिक शाळेत. नुसता बालवाडीचा आकडा पाहिला तर इंग्लंड मागे दिसेल, पण ते मूल घरी बसलेले नाही, ते पुढच्या वर्गात आहे.

दुसरी, बालवाडी कशाला म्हणायचे? युनेस्कोने २०११ साली ठरवलेल्या वर्गवारीत तीन वर्षांखालच्या मुलांचे वर्ग वेगळे धरतात आणि तिसऱ्या वर्षापासून शाळेपर्यंतचे वेगळे. दोन्हींत शिकवण्या-खेळवण्याचा काही हेतू आणि आखणी असावी लागते. नुसती पोरं सांभाळून घेण्याची जागा त्यात बसत नाही. एका देशाने पाळणाघरे धरली आणि दुसऱ्याने सोडली तर तुलना फसते.

तिसरी, वरचा आकडा कोणाचा आणि खालचा कोणाचा? आफ्रिकेतील घाना देशाने २००७ साली दोन वर्षांचा बालवर्ग मोफत आणि सक्तीच्या शिक्षणात घेतला. तिथल्या बालवर्गाचे ढोबळ प्रमाण शेकडा शंभराच्याही वर गेले. शंभरातली शंभराहून जास्त मुले कशी येतील? याचे कारण गेटकेनसारखेच आहे. चार आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलेही बसतात, ती वरच्या आकड्यात येतात, खालच्या आकड्यात येत नाहीत. म्हणून शंभराच्या वरचा आकडा पाहून तिथे सगळी मुले शाळेत आहेत असे समजू नये. चार वर्षांची काही मुले घरी असूनही हा आकडा निघतो.

फ्रान्स : आधी शाळा, मग सक्ती

आता देश पाहू. फ्रान्समध्ये बालशाळेला 'एकोल मातेर्नेल' म्हणतात, म्हणजे मातेसारखी शाळा. तिचे मूळ मोठ्या लोकांच्या हौसेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्या-कारखान्यांत जाणाऱ्या मजुरांची पोरं रस्त्यावर पडत, त्यांच्यासाठी दानशूर लोकांनी आसरागृहे काढली. १८८१ साली सरकारने त्यांना शाळेचा दर्जा दिला आणि हे नाव दिले. पोलिन केर्गोमार नावाच्या बाईंनी निरीक्षक म्हणून अनेक वर्षे खपून त्या आसरागृहांचे रूप बदलले. बाकांवर दाटीवाटीने गप्प बसवलेली पोरं तिथे खेळू लागली.

पुढे शंभर वर्षांत ही शाळा गावोगाव पोचली. सरकारी बालशाळेत फी नाही. शिकवणाऱ्याची पात्रता प्राथमिक शिक्षकाएवढीच, पगारश्रेणी तीच, आणि मदतीला नगरपालिकेचा माणूस. परिणाम असा की तीन वर्षांच्या शंभर मुलांपैकी ९७ हून जास्त मुले आपखुषीने दाखल होत होती. त्यानंतर सप्टेंबर २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण कायद्याने सक्तीचे झाले. उरलेली दोन-तीन मुले कुठली, हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्सच्या ताब्यातील दूरच्या प्रदेशांत, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील गयाना आणि हिंदी महासागरातील मायोत बेटावर, प्रमाण मुख्य देशापेक्षा बरेच खाली होते. सरासरी शंभराजवळ पोचली की राहिलेली मुले देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती एखाद्या कोपऱ्यात गोळा झालेली असतात.

उत्तरेकडील देश आणि जर्मनी

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड या देशांत तीन ते पाच वयाची शेकडा ९० हून खूप जास्त मुले बालवाडीत असतात. तिथे सक्तीपेक्षा सोयीवर भर आहे. नॉर्वेत २००९ पासून एक वर्षावरील मुलाला बालवाडीत जागा मिळणे हा कायदेशीर हक्क आहे. स्वीडनने २००२ साली पालकांकडून किती फी घ्यायची याला वरची मर्यादा घातली. डेन्मार्कमध्ये खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भार पालकांवर टाकता येत नाही.

स्वीडनमध्येच एक वर्षाखालची मुले पाहिली तर बालवाडीतला आकडा जवळपास शून्य आहे. यावरून कोणी म्हणेल, तान्ह्या मुलांची तिथे आबाळ होते. खरी गोष्ट उलटी आहे. तिथे मूल झाले की आईबापांना मिळून ४८० दिवसांची भत्त्यासह रजा मिळते. मूल घरी आहे, कारण आईबाप घरी आहेत. म्हणून कमी आकडा दिसला की लगेच नाक मुरडू नये. मूल बालवाडीत नाही तर कोणापाशी आहे, हे विचारावे. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि पुढे तो आपल्याच शिवारात विचारायचा आहे.

फिनलंडचेही तसेच. तिथे तीन वर्षांखालचे मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकार भत्ता देते. त्यामुळे लहान वयाचा पट शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिला. तरी २००० नंतरच्या दहा वर्षांत पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत फिनलंड वरच्या ओळीत होता. तात्पर्य, लवकर घातले म्हणजे पुढे हुशार निघाले असा सरळ हिशेब नाही.

जर्मनी तर बालवाडीचे माहेर. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. पण प्रशियाच्या सरकारला त्यात बंडखोरीचा वास आला आणि १८५१ साली त्यांनी बालवाड्यांवर बंदी घातली. ती उठायला १८६० साल उजाडले. एवढ्याशा पोरांच्या खेळाला राजसत्ता भ्याली, याचे आज हसू येते. आता तिथे तीन वर्षांवरील मुलाला १९९६ पासून आणि एक वर्षावरील मुलाला ऑगस्ट २०१३ पासून जागेचा हक्क आहे. तरी तीन वर्षांखालच्या मुलांत देशाचे दोन तुकडे अजून दिसतात. पूर्वेकडे निम्म्याहून जास्त मुले दाखल आहेत, पश्चिमेकडे सुमारे तिसरा हिस्सा. पूर्वेकडे साम्यवादी राजवटीत बाया कामाला जात आणि पाळणाघर सरकार चालवी. पश्चिमेकडे आई घरी बसणे चांगले समजत. दोन्ही जर्मनी १९९० साली एक झाल्या, पण घरातली सवय तीस-पस्तीस वर्षांतही पुरती एक झाली नाही.

कायदा झाला, पोरं आली नाहीत

मेक्सिकोने २००२ साली कायदा करून बालवर्ग सक्तीचा केला. टप्पे ठरवले: २००४ मध्ये पाच वर्षांची मुले, २००५ मध्ये चार वर्षांची, २००८ मध्ये तीन वर्षांची. चार-पाच वर्षांची मुले मोठ्या संख्येने आली. तीन वर्षांची मात्र निम्म्याच्या आसपास अडली. खोल्या नव्हत्या, शिक्षक नव्हते. कागदावर पाट काढला आणि चारी खोदलीच नाही, तर शेवटच्या वाफ्याला पाणी कसे पोचणार?

तुर्कस्तान हा त्या गटातील सर्वांत खालच्या देशांपैकी एक. युरोप-अमेरिकेतील आणि इतर पुढारलेल्या देशांची सरासरी तीन ते पाच वयासाठी शेकडा ८० च्या वर असताना, २०१९ च्या सुमारास तुर्कस्तानात ती निम्म्याहूनही कमी होती.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्मीच मुले दाखल असतात. पैसा नाही म्हणून नव्हे. गरिबांच्या मुलांसाठी 'हेड स्टार्ट' नावाची योजना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात १९६५ साली निघाली. सगळ्यांसाठी बालसंगोपनाची व्यवस्था करणारे विधेयक १९७१ साली तिथल्या संसदेने मंजूरही केले, पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तेव्हापासून ज्याचे त्याने पाहावे अशी रीत पडली. ओक्लाहोमा, जॉर्जिया अशा काही राज्यांनी आपल्यापुरते चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी वर्ग काढले. बाकी ठिकाणी ज्याच्या खिशात पैसा त्याचे मूल आत.

चीनची उडी

कमी वेळात मोठी मजल मारल्याचे उदाहरण चीनचे आहे. तिथे बालवर्गाचे ढोबळ प्रमाण २०१० साली शेकडा ५६.६ होते, २०२० साली ८५.२ झाले, २०२३ साली ९१.१. सरकारने खेड्यांकडे आणि मागास प्रांतांकडे मुद्दाम पैसा वळवला, हे खरे. पण इथेही खालचा आकडा पाहावा. चीनमध्ये जन्म झपाट्याने कमी झाले आहेत. २०२२ पासून बालवाड्यांची संख्या घटू लागली, तरी प्रमाण वाढतेच आहे. पोरंच कमी झाली की तेवढ्याच जागांत शेकडा वाढतो. क्षेत्र घटल्यावर एकरी सरासरी चांगली दिसते, त्यातलाच हा प्रकार.

साऱ्या जगाचे पाहायचे तर, २०१५ साली राष्ट्रांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत पहिलीच्या आधीचे एक वर्ष प्रत्येक मुलाला मिळावे असे कलम आहे. २०२० च्या सुमारास हे वर्ष मिळणारी मुले चारांत तीन होती. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दोनांत एक.

पट भरला, पुढे काय?

उगवण शंभर टक्के झाली म्हणजे टनेज आले असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. उगवणीनंतर खुरपण आहे, भरणी आहे, पाणी आहे, आणि शेवटी उतारा आहे. बालवाडीतही दाखला ही उगवण आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ साली एक प्रयोग सुरू झाला. १२३ गरीब कृष्णवर्णीय मुले निवडली. त्यांतली ५८ चांगल्या बालवर्गात घेतली, ६५ घेतली नाहीत. रोज सकाळी अडीच तास वर्ग, आणि आठवड्यातून एकदा शिक्षक घरी जाऊन आईशी बोलणार. बुद्धीच्या चाचणीत सुरुवातीला फरक पडला, पण तो काही वर्षांत विरला. पैसे वाया गेले असे लोक म्हणू लागले. मात्र संशोधकांनी ती मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग काढला. बालवर्गातून गेलेल्यांत शाळा पूर्ण केलेले जास्त, कमाई जास्त, तुरुंगाची वाट धरलेले कमी निघाले. नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हिशेब केला, तेव्हा त्या खर्चाचा परतावा वर्षाला शेकडा सात ते दहा निघाला. आपल्या ठेवीवरच्या व्याजाशी ताडून पाहा.

पण दुसरी बाजूही ऐका. टेनेसी राज्याने चार वर्षांच्या गरीब मुलांसाठी मोठ्या प्रमाणावर वर्ग काढले. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने चिठ्ठ्या टाकून मुले घेतली, त्यामुळे तुलना चोख झाली. सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास झाला आणि २०२२ साली निष्कर्ष बाहेर आला. सहावीत गेल्यावर वर्गात गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा चाचण्यांत मागे होती, आणि त्यांच्या वागणुकीच्या तक्रारीही जास्त होत्या. पट भरला होता, इमारत होती, पगारी शिक्षक होते. म्हणजे पटाच्या आकड्याने आत काय चालते ते कळत नाही.

सभेत विचारलेल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर यातून निघते. नातवाला काही तास चार मुलांत जरूर पाठवावे, पण लांबच्या गाडीत कोंबून नव्हे. जवळची अंगणवाडी असो की नर्सरी, आत जाऊन एक सकाळ बसून पाहावे. पोरं खेळतात का, गाणी-गोष्टी होतात का, बाई मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतात का, पोर सकाळी जायला रडते की धावते, हे पाहावे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणारी जागा महाग असली तरी चांगली समजू नये.

आपल्या अंगणातून निघालेली अंगणवाडी

आता आपल्या देशाकडे येऊ. 'अंगणवाडी' हा शब्द आज भारतभर चालतो, पण त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला मुलांच्या शिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला, आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी काढली, पण वस्तीतली गरीब मुले तिथे येईनात. धाकट्याला सांभाळायचे, गुरांमागे जायचे, अंगावर धड कापड नाही. तेव्हा या बायांनी पालकांना दोष न देता बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी ही पहिली ठिकाणे. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. जगात एवढा मोठा पसारा क्वचितच असेल. पण एकाच सेविकाताईंवर पोषण आहार, लसीकरण, वजन, गरोदर मातांच्या भेटी आणि शाळापूर्व शिक्षण अशी सगळी कामे आहेत. रजिस्टर भरता भरता गाणे राहून जाते, यात नवल नाही.

ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार बालवर्गात दाखल मुले अशी :

तीन वर्षांची : २०१८ साली शेकडा ६८.१, २०२४ साली ७७.४
चार वर्षांची : २०१८ साली ७६, २०२४ साली ८३.३
पाच वर्षांची : २०१८ साली ५८.५, २०२४ साली ७१.४

पाचव्या वर्षी आकडा खाली आलेला पाहून घाबरू नये. आपल्याकडे पुष्कळ मुले पाचव्या वर्षीच पहिलीत बसवतात, ती बालवर्गात मोजली जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा धरला आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण हवीत असा आग्रह धरला, त्यामुळे हा आकडा हळूहळू वर येतो आहे. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे, महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू या राज्यांत तीन वर्षांची जवळजवळ सगळी ग्रामीण मुले कुठे ना कुठे दाखल आहेत.

राहिलेली मुले कोणत्या कोपऱ्यात?

इथेच फ्रान्सचा धडा आठवावा. 'जवळजवळ सगळी' म्हटल्यावर राहिलेली कुठे गोळा झाली आहेत?

घरोघर फिरून केलेल्या पाहणीत जे घर उघडे असते तिथली मुले मोजली जातात. दसरा-दिवाळीला ज्या घराला कुलूप लागते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास उघडते, त्या घरातले पोर कोणाच्या आकड्यात धरायचे? बीड, पाथर्डी, जालना, परभणी, चाळीसगाव या भागांतून आपल्या टोळ्या येतात. गावच्या अंगणवाडीत पोराचे नाव असते, पोर इथे असते. आपल्या गावच्या अंगणवाडीच्या दारावरून ते टायरगाडीत बसून जाते, पण त्याचे नाव तिथे नसते. तिकडच्या कागदावर ते दाखल आहे आणि इकडच्या कागदावर ते नाहीच.

स्वीडनच्या वेळी विचारलेला प्रश्न इथे विचारू. मूल बालवाडीत नाही, तर कोणापाशी आहे? आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात. तीन वर्षांचे पोर पाचटावर, बांधावर, नाहीतर गाडीच्या सावलीला असते. झोपलेले पोर ट्रॅक्टर मागे घेताना दिसले नाही, अशी बातमी हंगामात कुठून ना कुठून येते. बिबट्याचे भय वेगळेच. आणि त्या पोरापाशी कोण असते? आठ-नऊ वर्षांची बहीण.

शाळेच्या वयाच्या मुलांसाठी १९९० नंतर साखरशाळा निघाल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेत दाखला देणे बंधनकारक झाले. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांचा. मागच्या हंगामात एका तळावर मी एका तोडणी करणाऱ्या बाईंना विचारले, "मुलगी शाळेत का जात नाही? शाळा तर समोर दिसते." त्या म्हणाल्या, "सायेब, ती साळंत गेली तर ल्हान्याला कोण बगायचं?" बोर्डीला १९४५ साली जी अडचण होती तीच ही. तीन वर्षांच्या पोरासाठी बालवाडी भरली तर त्या एका नोंदीवर दोन मुले शाळेत जातात, धाकटे बालवाडीत आणि थोरली प्राथमिक शाळेत.

कोणी म्हणेल, ते मुकादमाचे काम, करार त्याच्याशी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून जास्त स्त्रिया कामाला असतील तर कारखान्याच्या आवारात पाळणाघर ठेवण्याची तरतूद केली होती. पण फडातली बाई हजेरीपटावर नसते, म्हणून तिचे पोर त्या कायद्यात आले नाही. हिशेबाच्या भाषेत ते बरोबर असेल. पण ऊस आपल्या नावावर तुटतो, बिल आपल्या खात्यावर जमा होते, आणि ते पोर आपल्या सऱ्यांत झोपलेले असते. या साखळीत त्याला रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस शेतमालक सभासद हाच आहे.

करण्यासारखे काय आहे?

खर्चाच्या मोठ्या योजना मी सुचवत नाही. संचालक मंडळ आणि शासन यांचे काम ते पाहतील. सभासदांच्या हातातल्या गोष्टी सांगतो.

१. टोळी तळावर उतरली की पहिल्याच आठवड्यात सहा वर्षांखालच्या मुलांची नावे आणि वये गावच्या अंगणवाडी सेविकाताईंना कळवावीत. सेविकेकडच्या पोषण ट्रॅकरवर स्थलांतरित लाभार्थींची नोंद घेण्याची सोय आहे. पोर परगावचे म्हणून आहार नाकारण्याचे कारण नाही.

२. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटले आहे की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांना मागणी करून अंगणवाडी मिळवण्याचा हक्क आहे. ऐंशी खोपींच्या तळावर दोन खोपींमागे एक मूल धरले तरी चाळीस होतात. यादीसह लेखी अर्ज तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा. हंगाम लागल्यावर अर्ज केला तर उत्तर येईतो पट्टा पडतो, म्हणून तयारी आधीच ठेवावी.

३. तळासाठी जागा देणाऱ्या सभासदांनी बालवाडीपुरती एक खोप, पिण्याचे पाणी आणि सावलीची सोय करावी. वस्तीतली एखादी शिकलेली सून-लेक रोज दोन-तीन तास द्यायला तयार झाली तर उत्तम. ताराबाईंनी सुरुवात याहून मोठ्या भांडवलावर केली नव्हती.

४. फडात वाहन मागे घेण्यापूर्वी एक माणूस मागे उभा राहील, हा नियम शेतमालकाने स्वतः पाळून घ्यावा. याला पैसा लागत नाही.

शेतकी खात्याच्या गट कार्यालयात या हंगामापासून टोळीच्या माहितीसोबत मुलांची वयेही लिहून घेता यावीत यासाठी मी वहीत एक रकाना आखून ठेवला आहे. चिटबॉयना तसे सांगितले आहे. ज्या गावांतून यादी येईल तिथला अर्ज लिहून देण्याचे काम मी करीन.

देशोदेशींचे आकडे वाचून शेवटी एवढेच ध्यानात येते की शंभरातली नव्वद मुले कोणत्याही देशाला सोय केली की मिळतात. शेवटची दहा मुले शोधावी लागतात. आपल्याला ती शोधायला लांब जायचे नाही. सभासदांनी आपले अनुभव आणि सूचना गट कार्यालयात लेखी अथवा तोंडी कळवाव्यात, ही नम्र विनंती.

पुढील अंकात खोडवा राखताना पाचट न जाळता सरीत कसे ठेवावे याविषयी माहिती देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते